मागचं इंजिन

गोष्ट रेकॉर्ड करायची ती रात्री साडेअकरानंतरच, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याआधी कर्जतला शांतता म्हणून नसते. कुठे लग्नाचा डीजे, कुठे शेजारचा मिक्सर, आणि सगळ्यांवर मात करणाऱ्या स्टेशनातल्या शिट्ट्या. म्हणून जेवणं आटोपली, कुत्री भुंकून दमली, की मी आतल्या खोलीत जाऊन गोधड्यांचं कपाट उघडायचो आणि फोन आत ठेवून, तोंड जवळजवळ गोधडीत खुपसून बोलायचो. गोधडी आवाज पिते, घुमू देत नाही. इथून जवळच नितीन देसाईंनी एन. डी. स्टुडिओत प्लायवुड-प्लास्टरचे किल्ले नि राजवाडे उभे केले. माझा राजवाडा कपाटात मावत होता.

श्रोता एकच, पुण्यातली माझी नऊ वर्षांची भाची. हल्ली मुलांना ऐकायच्या गोष्टींची वाण नाही. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आलं तेच इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही घेऊन आलं. भाचीने ढीगभर ऐकलेलं असल्यामुळे मामाकडून अपेक्षाही मोठ्या होत्या. भाग पाडलेले हवेत, आणि प्रत्येक भाग नको तिथेच थांबायला हवा.

माझी गोष्ट पेज नदीकाठच्या एका चिंबोरीची. चिंबोऱ्या आमच्याकडे नदीत, ओढ्यात, भाताच्या बांधात, सगळीकडे. समुद्रातल्या खेकड्याची अंडी फुटली की आईबापांसारखी मुळीच न दिसणारी बारीक पिल्लं पाण्याबरोबर भरकटत जातात. गोड्या पाण्यातल्या चिंबोरीचं तसं नाही. तिची पिल्लं अंड्यातून निघतात तीच दाण्याएवढे पुरते खेकडे होऊन, आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत बिलगून राहतात. आजी चिंबोऱ्या निवडताना प्रत्येक उलटी करून बघायची. झडपेखाली वळवळ दिसली की ती चिंबोरी परत ओढ्यात.

माझ्या गोष्टीतल्या चिंबोरीने झडप उघडलीच नाही. बाहेर बगळे आहेत, खंड्या आहे, पोरांच्या काठ्या आहेत, म्हणून आज नको, उद्या. उद्या पूर, परवा ऊन. आतली एकतीस पिल्लं वाढत गेली, तशी त्यांना मावून घ्यायला तीही वाढत गेली. इतकी, की लोक तिला डोंगर म्हणायला लागले, पाठीवर झाडं उगवली, गुराखी वर जाऊन बासरी वाजवायला लागले. आत पिल्लांनी गाव वसवलं. त्या गावाला आभाळ नव्हतं. बाहेरचं जग त्यांना फक्त ऐकू यायचं. पाऊस म्हणजे काय, यावर गावात दोन पंथ होते. एक म्हणायचा, आईचं पोट गुरगुरतंय. दुसरा म्हणायचा, कुणीतरी आपल्यासाठी टाळ्या वाजवतंय. सगळ्यांत धाकटी ठिपकी दोन्ही पंथांत नव्हती. तिला जाऊन बघायचं होतं.

चौथ्या भागात ठिपकी आणि तिचा भाऊ झडपेच्या कडेने निसटतात आणि भावाला बगळा उचलतो. मी ते एका वाक्यात उरकलं होतं. पण माझी बहीण प्रत्येक भाग आधी स्वतः ऐकते आणि मग लेकीला देते. तिचा फोन आला, "दादा, छान आहे रे, पण तेवढा बगळा काढ ना. हे ऐकून ती झोपायची नाही." काढला. पुन्हा कपाट, पुन्हा गोधडी. आता ठिपकी एकटीच निसटते, भावाचं नावच नाही.

आठवड्याने भाचीचा स्वतःचा फोन. "मामा, पहिल्या भागात एकतीस होती. पाचव्या भागात ठिपकी परत येऊन सगळ्यांना मोजते, तेव्हा तिला धरून तीसच. एकतिसावा कुठे गेला?"

बगळा काढताना मी आकडा तसाच ठेवला होता. काहीतरी सारवासारव केली, मोजायला चुकली असेल, म्हटलं. तिला ते पटलं नाही. "तो गेला, आणि कुणी काही बोलतच नाहीये." त्या रात्रीपासून ती दिवा चालू ठेवून झोपायला लागली, हे बहिणीने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. बगळ्याला निदान चोच असते, पाय असतात, तो पाण्यात कुठे उभा राहतो ते सांगता येतं. गायब झालेल्या आकड्याला काय असतं?

तेव्हापासून मला विभांडक आठवतो. महाभारताच्या वनपर्वात त्याची गोष्ट आहे. त्याने आपला मुलगा ऋष्यशृंग रानात असा वाढवला की बापाखेरीज दुसरं माणूस मुलाने पाहिलंच नव्हतं. बाई तर दूरच. इकडे अंगदेशात लोमपाद राजाच्या राज्यात पाऊस थांबला होता आणि हा मुलगा आला तरच पडणार होता. राजाने गणिका पाठवल्या. बाप बाहेर गेल्याचं बघून त्यांतली एक आश्रमात आली, फळं दिली, पेयं पाजली, चेंडू खेळली, मिठी मारली आणि अग्निहोत्राचं निमित्त सांगून निघून गेली. विभांडक परतला तर मुलगा सैरभैर. मग तो बापाला पाहुण्याचं जे वर्णन ऐकवतो ते मुळातून वाचावं असं आहे. एक ब्रह्मचारी आला होता म्हणतो, त्याच्या जटा काळ्याभोर नि सुगंधी, पायांत काहीतरी वाजत होतं, छातीशी दोन गोळे होते. 'स्त्री' हा शब्दच त्याच्याजवळ नाही, म्हणून जे दिसलं ते सगळं तो 'ब्रह्मचारी' या एका शब्दात कोंबतो. आणि बाप काय सांगतो? ते राक्षस होते, अशी सोंगं घेऊन फिरतात.

इतकी वर्षं जगापासून वाचवलं, आणि जग दारात येऊन गेलं तेव्हा बापाजवळ त्याच्यासाठी एवढं एकच नाव शिल्लक होतं. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या राजाचंही हेच. लेकीला चाती टोचेल या शापाच्या भीतीने तो राज्यातली चाती न् चाती जाळायला लावतो. त्यामुळेच पंधरा वर्षांच्या राजकन्येला, समोर म्हातारी सूत काततेय ती वस्तू कोणती, हे ठाऊक नसतं, आणि ती कुतूहलाने हात लावते. पण माझ्या मते महाभारतातली गोष्ट या जर्मन गोष्टीच्या पुढे जाते. ऋष्यशृंग अंगदेशात पाऊल ठेवतो आणि पाऊस पडतो. विभांडकाच्या रानात दुष्काळ नव्हता. तिथे फळं होती, पाणी होतं, बापलेकांचं उत्तम चाललं होतं. पाऊस अडला होता तो दुसऱ्यांच्या शेतांवर. मूल बाहेर पडणं ही मुलाची गरज, असं आपण धरून चालतो. ती बाहेरच्यांची गरज असेल, हे विभांडकाच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या चिंबोरीच्याही नाही. खरं सांगायचं तर गोष्ट निम्मी होईपर्यंत माझ्याही नाही.

मराठीत आपण मूल तळहातावरच्या फोडासारखं जपतो. हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्याला फोड कशाने येतो याचा विसर पडलेला असतो. कुदळ धरली, रहाटाचा दोर ओढला, की सवय नसलेल्या हाताला फोड येतो. वर पाण्याची उशी, खाली नवी कातडी धरत असते. तो मुद्दाम फोडू नये, असं डॉक्टरही सांगतात. पण जन्मभर ठेवायचा म्हणून नव्हे. खालची कातडी धरली की पाणी आपसूक जिरतं, वरचं साल सुटतं, आणि पुढच्या वेळी तीच कुदळ तितकी लागत नाही. तोवर मात्र त्या हाताची मूठ वळत नाही. हे शब्द प्रथम ज्याच्या तोंडून निघाले त्याने हातात अवजार धरलेलं असणार.

चिंबोरीचं कवचही वाढत नाही, वाढतं ते आतलं अंग. मग कवच मागच्या बाजूने उसवतं आणि ती उलटी सरकत बाहेर येते, म्यानातून तलवार काढावी तसा एकेक पाय ओढून घेत. नंतर काही दिवस ती इतकी मऊ असते की कुणीही खावी. त्या दिवसांत तिला बीळ लागतंच लागतं. मी काही बिळांच्या विरुद्ध नाही.

बिळावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात कशेळ्याच्या पुढे एका बांधावर दहा-अकरा वर्षांचा एक कातकरी मुलगा भेटला. चिंबोऱ्या धरत होता. पहिल्या बिळाशी उकिडवा बसला, तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या पडलेल्या होत्या त्या बोटाने उडवल्या, म्हणाला, "आत हाय." दुसऱ्या बिळाचं तोंड गुळगुळीत, कोरडं. तिथे तो थांबलाही नाही. "त्यात हात नाय घालायचा." का, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही, आणि मलाही विचारायची. मग परत पहिल्या बिळात हात घातला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, गाल चिखलाला टेकला. आणि डोळे मिटले. बोटांनी ऐकत होता, असंच म्हणावं लागेल. हात बाहेर आला तेव्हा चिंबोरी पाठीमागून दोन बोटांत धरलेली, तिचे आंगडे हवेत कातरत होते.

हा प्रसंग मी आमच्याकडच्या एका सेकंड होमच्या गॅलरीत सांगितला, तर मंडळी हरखली. हेच खरं बालपण, आमची मुलं बघा! मला ते मुळीच आवडलं नाही. त्या मुलाला कुणी मोकळं सोडलेलं नव्हतं. त्याला जपायला घरात कुणी रिकामं नव्हतं. दिवाळी झाली की त्याच्यासारखी कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, आणि तिथे सात वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाची आई होते. याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर ते गॅलरीतल्यांनी आधी आपल्या मुलांना देऊन बघावं. एकाची झडप उघडत नाही, दुसऱ्याला झडपच नाही. आणि दोघं एकाच नदीच्या काठाला असतात, मध्ये फार तर कुंपणाची भिंत.

सहाव्या भागात मी अडलो. गोष्टीप्रमाणे आई शेवटी झडप उघडते, म्हणजे डोंगर हलतो. हे वाक्य मी कपाटात तोंड घालून बोललो, ऐकलं आणि पुसलं. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पावसात, डोंगर खाली आला तेव्हा माणसं आपापल्या घरात होती. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांना बेपत्ता धरून चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीतली जी मुलं आश्रमशाळेत होती ती वाचली, आणि त्यांतल्या काहींना परत जायला घर नव्हतं, आईबाप नव्हते. यातून काही अर्थ काढायला मी धजत नाही. मूल जवळ ठेवलेलं बरं की दूर पाठवलेलं, हा प्रश्न त्या रात्रीला विचारता येत नाही. मी फक्त वाक्य बदललं. माझा डोंगर हलत नाही. तो गुडघे टेकून बसतो, सावकाश, वरच्या गुराख्यांना उतरायला वेळ देऊन.

आमच्याकडे भात लावणाऱ्याला वेळेचं भान असतं. आधी राब भाजायचा. म्हणजे शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळायचं, की तणाचं बी मरतं. मग पावसाच्या तोंडावर तिथे दाट पेरायचं. रोप तीन आठवड्यांचं झालं की उपटून चिखलात लावायचं. महिनाभराच्या वर राबातच राहिलं तर मुळं गुंततात आणि पुढे फुटवे कमी येतात. लावल्यावर चार दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं, आणि शेतकरी त्याकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. आता हे दृष्टान्ताला फार सोयीचं आहे, पण नेरळचे चंद्रशेखर भडसावळे मध्ये येतात. त्यांच्या सगुणा राइस तंत्रात राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं, जिथे रुजलं तिथेच ते वाढतं आणि पिकतं. म्हणजे उपटल्याशिवाय रोप मोठं होत नाही, हेही काही खरं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आणि बहीण कर्जतला आल्या. एक दिवस आम्ही कोंडिवड्याकडून कोंढाण्याची लेणी बघायला गेलो. दोन हजार वर्षांहून जुनी, राजमाचीच्या पायथ्याची, पावसाळा संपला तरी झिरपणारी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचं डोकं तेवढं उरलंय आणि बाजूला ब्राह्मीतली एक ओळ आहे: कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. हे मी सांगितलं तेव्हा भाचीला वाटलं 'बालक', आणि दोन हजार वर्षांपूर्वी एवढं मोठं काम पोरांना करू देत होते याचं तिला आश्चर्य वाटलं. ते नाव आहे, म्हटलं. ती थोडा वेळ ओळीकडे बघत राहिली. "सरांचं नाव आधी घातलंय त्याने." मग म्हणाली, "सरांनी स्वतः नाही लिहिलं कुठे?" या लेण्यात तरी नाही. इथे कण्हाचं नाव आहे ते शिष्याच्या सहीत.

त्या रात्री बहिणीला विचारून मी भाचीला जुना चौथा भाग दिला, बगळ्यासकटचा. बहीण नाखूश होती, पण दिवा चालू ठेवून झोपणंही तिला नको झालं होतं. भाचीने हेडफोन घेतले, माळ्यावरच्या खोलीत गेली आणि खाली मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, जिन्यावर बस. वर यायचं नाही. पण बस."

मी बसलो. डोनाल्ड विनिकॉट हा ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. एकटं राहता येण्याच्या क्षमतेवर १९५८ साली त्याचा एक लेख आला. त्याचं म्हणणं असं की मूल एकटं राहायला शिकतं ते दुसरं कुणी जवळ असताना, त्या कुणीतरीने काही न करता नुसतं असताना. जिन्यावर बसून मला पहिल्यांदा लेखातला 'नुसतं' हा भाग किती अवघड आहे ते कळलं. अकरा मिनिटांचा भाग होता. सातव्या मिनिटाला बगळा येतो, हे मला ठाऊक होतं. कपाटात रेकॉर्ड केलेला माझाच आवाज वर तिच्या कानात बोलत होता आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. आपला आवाज आपल्याला वगळून कुणाशी तरी बोलतोय, ही भावना विचित्र असते. सात मिनिटं झाली, आठ झाली. वर पंख्याचा आवाज. अकरानंतर दिवा गेला.

सकाळी पोह्यांवर तिने विचारलं, "मामा, बगळ्याला पिल्लं होती का?"

मी म्हटलं, माहीत नाही. बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"असतील," ती म्हणाली. "ओरडत असतील ना, झाडावर." आणि पोहे खाऊ लागली.

रविवारी त्यांची परतीची गाडी होती. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात त्या बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लावायला. इथला वडापाव नावारूपाला आला तोही या थांब्यावरच. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, आणि एवढ्यात साडेपाचशे मीटरच्या वर चढायचं. बोरघाटातली ही वाट १८६३ पासूनची, तिचा चढ सदतीसास एक. भाची खिडकीशी होती, मी प्लॅटफॉर्मवर. मागे इंजिनं येऊन टेकली तसा गाडीला बारीक धक्का बसला आणि तिच्या हातातला चहा हिंदकळला.

"मागून कशाला? पुढून ओढत का नाहीत?"

पुढूनच सगळी इंजिनं ओढायला लागली तर सगळा ताण पहिल्या काही डब्यांच्या जोडांवर येतो, मी सांगितलं. आणि चढावर मध्येच जोड तुटला, तर सुटलेले डबे उताराला लागतील. मागे इंजिन असलं की ते अडतात.

"मग पुण्यापर्यंत येतात?"

"लोणावळ्याला सुटतात."

"आणि मग?"

"मग परत खाली. दुसरी गाडी उभी असते."

वंदे भारत या आधाराशिवाय घाट चढते, तेही सांगणार होतो, पण पुढून शिट्टी झाली. मागच्यांनी उत्तर दिलं. वडेवाले मागे सरले, गाडी हलली. खिडकी पुढे गेली, तिचा हात काही वेळ दिसला, मग डबे नुसतेच डबे. पळसदरीकडे रूळ वळतात तिथे पुढचं इंजिन केव्हाच दिसेनासं झालं होतं. ही मागची दोन, धुळीने माखलेली, डब्यांना नाक लावून, सगळ्यांत शेवटी माझ्यासमोरून गेली.